रानअक्रोड

जपानी लोक लुंगाच्या मळ्यात उतरले त्याच्या पाचव्या दिवशी कुवुती आपणहून त्यांच्याकडे कामाला गेला, आणि वोराले गावाने त्याचं नाव घेणं टाकलं.

गाव तेव्हा गावात नव्हतंच. डुकरं मोकळी सोडून, पोरंबाळं आणि भांडी उचलून सगळे वरच्या रानात पळाले होते. गोरे मळेवाले त्याच्याही आधी बोटीत बसून दक्षिणेला निघून गेले होते. नारळ झाडावर आणि माणसं वाऱ्यावर सोडून. अशा दिवसांत ग्वादालकनालच्या किनाऱ्यावर शहाण्याचं काम एकच होतं, कोणाच्या नजरेस न पडणं. आणि कुवुती, बारा वर्षं त्या मळ्याचा मुकादम, धुतलेली लुंगी नेसून आणि खांद्यावर केळीचा घड घेऊन भर सकाळी जपान्यांच्या छावणीकडे निघाला.

त्याची बायको मेलाका वाटेत आडवी उभी राहिली. "तुला वेड लागलंय की काय? माझ्या आईच्या जमिनीवर राहतोस तू. उद्या आमची माणसं विचारतील, तुमचा जावई कोणाची चाकरी करतो, तर मी काय सांगू?"

"सांग, पोट भरतो."

"पोट भरायला रान आहे!"

तिचा धाकटा भाऊ पोलोसो झाडाला टेकून पान चघळत होता. अंगाने रेड्यासारखा, जिभेने त्याहून जड. आजवर तो कुवुतीला दाजी म्हणायचा, त्याच्यासमोर मोठ्याने हसायचाही नाही. त्या दिवशी तो लाल पिंक टाकून म्हणाला, "जाऊ दे गं ताई. मुकादमाला धनी लागतोच. गोरा गेला, पिवळा आला. जा मुकादम, लवकर जा, सलाम करायला उशीर होईल."

कुवुती खाली मान घालून चालता झाला. सांगण्यासारखं त्याच्याजवळ होतं, पण सांगायची सोय नव्हती.

झालं होतं असं. दोन दिवसांपूर्वी तो चोरून मळीतली रताळी खणायला आला होता, तेव्हा केळीच्या आडून हवालदार बिएरे पुढे आला. बिएरे सरकारी पोलिसांतला, पांढरे केस, पण पाठ अजून ताठ. सरकारचा एक गोरा साहेब पळून गेला नव्हता. तो डोंगरात वर बिनतारी यंत्र घेऊन बसला होता आणि खाली काय चाललंय ते अमेरिकन लोकांना कळवत होता.

"साहेबाला मळ्याची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस पाहिजे," बिएरे म्हणाला. "तोफा कुठे, डिझेलची पिंपं कुठे, माणसं किती. तुझ्याशिवाय कोण आहे?"

खरंच नव्हतं. तिथल्या निम्म्या माडांचे खड्डे कुवुतीने स्वतः उभं राहून खणून घेतले होते. कितव्या ओळीतला कितवा माड सांगितला की तो डोळे मिटून जागा दाखवू शकला असता.

"मेलाकाला सांगू?"

"नाही."

"निदान पोलोसोला?"

"त्याच्या तोंडाला कवाड आहे का?" बिएरे म्हणाला. "एक शब्द बाहेर गेला तर जपानी तुला माडाला बांधतील, आणि तुझ्यामागे गावाला. लोक शिव्या देतील. खाऊन घे."

कुवुतीने खाल्ल्या.

काम मरणाचं होतं. मळ्यामागच्या गवताळ मैदानात जपानी विमानांसाठी धावपट्टी बांधत होते. माती खणायची, ढकलगाड्या भरायच्या, दगड फोडायचे. त्यांचे स्वतःचे शेकडो मजूर होते, त्यांनाही जनावरासारखंच राबवत. कुवुतीला त्यांनी हाताखाली घेतलं, कारण त्याला माणसं हाकायची सवय होती आणि तो मागेपुढे न बघता मान डोलवायचा. मान डोलवता डोलवता तो पाहून घ्यायचा. समुद्राकडून सहाव्या ओळीत, ओढ्यापासून नवव्या माडाखाली एक तोफ. दोन ओळी सोडून दुसरी. अकराव्या ओळीत पिंपं, झावळ्यांनी झाकलेली. दर चार दिवसांनी त्याला मजुरांसाठी रताळी आणायला जुन्या मळीत जाऊ देत, तिथे बिएरे वाट बघत असे. कुवुती धडा म्हटल्यासारखं सगळं म्हणून दाखवी. हवालदार ते दोनदा म्हणून घेई आणि रानात दिसेनासा होई.

जपान्यांच्या मजुरांवर ओकादा नावाचा एक मुकादम होता. चाळिशीतला, काटकुळा, किडक्या दातांचा. दाढ ठणकत होती म्हणून कुवुतीने त्याला एकदा सुपारी आणि चुना दिला, आणि त्या दिवसापासून ओकादा सुपारीचा गुलाम झाला. एकदा त्याचे ओठ लालभडक बघून वरच्या अधिकाऱ्याला वाटलं, ह्याला रक्ताची उलटी झाली. खरं काय ते कळल्यावर त्याने ओकादाच्या दोन मुस्कटात ठेवून दिल्या. अधिकारी गेल्यावर ओकादाने गाल चोळत कुवुतीपुढे पुन्हा हात पसरला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. कुवुतीने त्याला चार शब्द शिकवले होते: हळू, उद्या, पाणी, पोट.

महिना संपत आला तेव्हा जपान्यांना आणखी हात हवे झाले. त्यांची एक टोळी होडीने गेली आणि वोरालेच्या लपलेल्या लोकांमधून चौदा जण धरून घेऊन आली. त्यांत पोलोसो होता. पाठीवर बंदुकीच्या दस्त्याचे वळ, आणि तोंड बंद नाही.

"काय मुकादम, बरंय ना?" छावणीत शिरताच तो ओरडला. "नवीन धन्याकडे भात मिळतो म्हणे. अंगावर चढलेला दिसत नाही!"

चौदांतला सर्वांत म्हातारा तुगाले. त्याला माती खणवत नव्हती, म्हणून स्वयंपाकाला लावला. आयुष्यभर खलाशांसाठी बोटीवर रांधलेला माणूस. त्याला कोणी पकडून आणलंय असं वाटायचंच नाही. जपान्यांनी दिलेला तांदूळ हातावर घेऊन तो म्हणाला, "किड्यांसकट दिलाय. म्हणजे कालवणाची सोय झाली."

वरच्या अधिकाऱ्याने चौदांची नावं आणि त्यांच्या घरच्यांची नावं कागदावर उतरवून घेतली. एक जरी पळाला तर वोरालेची माणसं रानात असोत की पाण्यात, शोधून मारू, असं त्याने हातवारे करून समजावलं. मग त्यांना राहायला एक झावळ्यांची लांब पडवी दाखवली. अकराव्या ओळीत, पिंपांपासून चाळीस पावलांवर.

ती ओळ कुवुतीने आठ दिवसांपूर्वीच हवालदाराला सांगितली होती. तेव्हा पडवी रिकामी होती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी अमेरिकन विमानं आली. इतक्या उंचावरून, की आधी नुसता आवाज आला आणि मग जमीन हलली. एक बाँब ओढ्यात पडला, दुसऱ्याने चार माड मुळासकट उपटले. पिंपं वाचली. माणसं मातीत तोंड खुपसून पडली होती. धूळ खाली बसल्यावर कुवुतीने पडवीकडे बघितलं. नेम अजून बसायचा होता, पण तो एक ना एक दिवस बसणारच होता.

दुसऱ्या दिवशी मळीत त्याने बिएरेचा हातच धरला. "हवालदार, मला दिवस सांगा."

"कसला दिवस?"

"ज्या दिवशी ते खरंच येणार तो. आमची चौदा माणसं पिंपांच्या उशाशी झोपतायत."

"मला माहीत नाही. साहेबालाही नाही. माहीत असतं तरी मी सांगितलं नसतं."

"मग तेवढी ओळ सोडायला सांगा."

बिएरेने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तोफेचा गोळा काय वळसा घालून जातो? पळवून लाव त्यांना."

"पळाले तर मागची मरतात. नावं लिहून घेतलीत त्यांनी. माझ्या सासूचंसुद्धा."

हवालदार खांदे पाडून म्हणाला, "मुकादम, ह्यात माझी अक्कल चालत नाही. तुझी चालली तर बघ." आणि गेला.

कुवुती रताळ्यांची टोपली भरत बसला. बांधावर रानअक्रोडाचं जुनं झाड होतं, खाली टणक बियांचा सडा पडलेला. लहानपणी पोट धरलं की आजी त्याची कच्ची बी किसून द्यायची, अर्धी, फार झालं तर पाऊण. त्यावर दिवसभर माणूस झुडपाआडून बाहेर येत नसे. कुवुती त्या बियांकडे बघत राहिला. जपानी बंदुकीला भीत नव्हते, पण छावणीत कोणाचं पोट बिघडलं की त्यांची पळापळ व्हायची, हे त्याने पाहिलं होतं. एकाला हगवण लागली तर पाचशेंना लागते, हे त्यांचा डॉक्टर रोज ओरडून सांगत असे.

त्याने दगडाने बिया फोडल्या, गर पानात बांधला आणि टोपलीच्या तळाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुगाले पाणी आणायला ओढ्यावर गेला, तेव्हा चुलीवर पेज रटरटत होती. कुवुतीने गर ठेचून हंड्यात टाकला आणि ढवळला. माणशी एक बी धरली होती, कारण निम्म्यांना झालं आणि निम्मे धडधाकट राहिले तर जपानी फक्त आजाऱ्यांनाच हलवतील. मग त्याने पहिला वाडगा स्वतः भरून घेतला. आपण नाही खाल्लं तर संशय येईल, हे एक. पण त्याने खाल्लं ते तेवढ्यासाठीच नव्हतं. ह्या लोकांना जे द्यायचं ते आपल्याही पोटात गेलं पाहिजे, असं त्याला वाटलं.

"चव काय वेगळी आहे?" पोलोसोने विचारलं.

"किडे बदललेत," तुगाले म्हणाला.

सगळ्यांचं झाल्यावर म्हातारा हंडा मांडीवर घेऊन बसला आणि शिंपल्याने तळ खरवडायला लागला. रांधणाऱ्याचा हक्क खरवडीवर, असं तो नेहमी म्हणे. कुवुती तोपर्यंत ढकलगाड्यांकडे गेला होता. ठेचलेला गर जड असतो, तळाशी बसतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

दिवस मावळायच्या आत पंधराच्या पंधरा माणसं आडवी झाली. कोणी झुडपात, कोणी झुडपापर्यंत पोचलंच नाही. कुवुती स्वतः वाकून, भिंत धरत ओकादाकडे गेला.

"पोट," तो म्हणाला.

ओकादाचा चेहरा उतरला. "पोट?"

"सगळ्यांचं. रक्त." रक्त नव्हतं, पण कुवुतीने ओठावरची पिंक बोटाने पुसून दाखवली.

ओकादा धावत गेला. तोंडाला फडकं बांधलेला डॉक्टर आला, वीस पावलांवर उभा राहिला, वास आला तसा आणखी दहा पावलं मागे गेला. सकाळी पडवी उपसून, पिंपांपासून लांब नेऊन जाळली. पंधरा जणांना नदीच्या काठाकाठाने वर, गवताळ डोंगराच्या पायथ्याला हाकलून नेलं आणि झाडाला दोरी बांधून खुणेने सांगितलं: ह्याच्या अलीकडे आलात तर गोळी. रोज तांदूळ एका दगडावर ठेवून जायचे. ओकादा तांदळाबरोबर कोळशाची पूड ठेवून गेला, आणि पोटावर हात फिरवून खायची खूण केली.

सापही मेला, काठीही मोडली नाही, असं कुवुतीला त्या दिवशी वाटलं. दोन दिवसांत पोरं उठून बसली. तुगाले मात्र उठला नाही.

कुवुती त्याच्याजवळून हलेना. पेरूचा पाला उकळून दिला, शहाळ्याचं पाणी दिलं. काही ठरत नव्हतं. म्हाताऱ्याचे डोळे आत गेले, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची.

"मुकादम," तो कुजबुजला, "तांदूळ त्यांचा, पोट आपलं. सूत जुळलं नाही."

"बोलू नको, काका. पाणी घे."

"खरवड तेवढी झकास होती बघ."

तेव्हा कुवुतीला कळलं. त्याने वाटी खाली ठेवली आणि नदीकडे तोंड करून बसून राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी तुगाले गेला. काठ्यांनी जमीन उकरून त्यांनी त्याला डोंगराच्या कुशीत पुरला.

पुरताना खाली काही तरी अंथरायला हवं म्हणून पोलोसोने कुवुतीची बरोबर आणलेली टोपली उलटी केली. तळाच्या पानाला गर चिकटलेला होता. त्याने हुंगला. रानअक्रोड कोणाला ओळखू येत नाही?

"हे काय?"

कुवुती काठीने खड्ड्याची कड सारखी करत राहिला.

"हे काय म्हणतोय मी!"

"मीच घातलं होतं. पेजेत."

पहिल्या ठोशात कुवुतीचा दात पडला. दुसऱ्याने तो ओल्या मातीत पडला. पोलोसो त्याच्या छातीवर बसला. "का? जपान्यांनी सांगितलं? काय देणार होते तुला? आपल्या म्हाताऱ्याला विष घातलंस! बोल ना, का?"

तोंडात रक्त होतं आणि उत्तरही होतं. तेरा तोंडं भोवती उभी होती. त्यांतलं एक जरी खाली जपान्यांपाशी उघडलं, तर डोंगरावरचा साहेब, बिएरे, वोराले, सगळंच गेलं असतं.

"नाही सांगता येत," तो म्हणाला.

बाकीच्यांनी पोलोसोला ओढून काढला नसता तर त्याच दिवशी दुसरा खड्डा खणावा लागला असता. "गावात गेल्यावर," पोलोसो धापा टाकत म्हणाला, "सगळ्यांसमोर. ताईसमोर." त्यानंतर दोन दिवस कुवुतीशी कोणी बोललं नाही. त्याचा वाटा दगडावर ठेवून द्यायचे, कुत्र्याला ठेवावा तसा.

तिसऱ्या दिवशी पहाट फुटतच होती. कोणीतरी ओरडलं. डोंगराच्या खांद्यावरून समुद्र दिसायचा; त्या सकाळी पाणी दिसत नव्हतं. जहाजंच जहाजं. मोठी, छोटी, एकामागे एक, जणू रात्रीतून समोर गाव वसलं. मग त्यांच्या कडेला ठिणग्या उडाल्या, आणि थोड्या वेळाने आवाज आला.

माणसं गवतात पालथी पडून बघत होती. मळा उकळत होता. माड काड्यांसारखे हवेत जात होते. मग अकराव्या ओळीतून काळा-तांबडा लोळ उठला, इतका उंच की क्षणभर त्यांच्या तोंडावर धग आली. पिंपं. जळालेल्या पडवीची जागा, चाळीस पावलं इकडे-तिकडे, सगळं त्या लोळाच्या पोटात गेलं.

एकेक मान कुवुतीकडे वळली. तो सगळ्यांपासून लांब, एकटा बसला होता, सुजलेला ओठ दाबून धरत.

"तुला माहीत होतं," पोलोसो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"दिवस माहीत नव्हता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला?" कुवुती म्हणाला. एवढंच.

पोलोसोने गवतात तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमेरिकन शिपाई मैदानात पोचले. जपानी आणि त्यांचे मजूर पश्चिमेकडे रानात पळाले होते. खाली जायचं कसं, हा प्रश्न होता. घाबरलेला शिपाई आधी गोळी घालतो. कुवुतीला हवालदाराने एकदा सांगून ठेवलं होतं: हात वर करा आणि मिशनच्या शाळेतलं प्रार्थनेचं गाणं म्हणत या. म्हणून चौदा माणसं हात वर करून, गात गात नदीकाठाने उतरली. पोलोसोला शाळेतून दुसऱ्याच वर्षी हाकलला होता. त्याला शब्द येत नव्हते, म्हणून तो सर्वांत मोठ्याने गात होता.

झुडपातून एक बंदूक बाहेर आली, तिच्यामागे उन्हाने सोललेलं नाक असलेला एक कोवळा शिपाई. बंदुकीचं टोक थरथरत होतं. पोलोसोचा सूर ऐकून त्याचं तोंड आधी वाकडं झालं आणि मग तो हसला. मागून आणखी दोघं आले, तेही हसले. पाठीवरच्या पिशवीतून डबे निघाले, मांसाचे. पोलोसोने आपला डबा तिथेच बोटांनी संपवला.

कुवुतीने खाल्लं नाही. त्याला अधिकाऱ्यांकडे नेलं. त्यांच्या नकाशावर मळा म्हणजे नुसते हिरवे ठिपके होते. तो त्यांना ओळीओळीने घेऊन फिरला, कुठे दारूगोळा पुरलाय, कुठली विहीर गोड. एका तंबूत जपान्यांचा सकाळचा भात तसाच मांडलेला होता, त्यावर माश्या.

चार दिवसांनी काही मजूर हात वर करून रानातून परत आले. तारेच्या कुंपणात बसवलेल्या त्या माणसांत ओकादा होता, तापाने लाल, एक बूट गेलेला. कुवुतीने तारेतून सुपारी आत दिली. ओकादाने ती घेतली, तोंडात टाकायच्या आधी त्याच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "पोट?"

"बरं आहे," कुवुती म्हणाला, आणि तिथून पाय उचलून निघाला. मागे वळून बघायची त्याला लाज वाटली.

बिएरे आता उघडपणे खाली यायला लागला होता. "साहेब खूश आहे तुझ्यावर," तो म्हणाला. "पोलोसोला मी सगळं सांगितलंय. गावालाही सांगीन. राहिला म्हातारा. त्याला हगवण लागली, गेला. ह्या दिवसांत किती जातात. बायकोला त्याच्या एवढंच सांग."

"तुम्ही साहेबाला खोटं सांगितलंत कधी?"

"नाही."

"मग मला का शिकवता?"

तुगालेची बायको रोएसी वरच्या रानातल्या खोपटात अळकुड्या सोलत बसली होती. मेलाका तिच्याजवळ होती. नवऱ्याला बघून मेलाका उठली, त्याच्या गेलेल्या दाताकडे, वाळलेल्या अंगाकडे बघत राहिली. तिला बिएरेचा निरोप आधीच पोचला होता. पण कुवुती तिच्याशी बोलला नाही. तो रोएसीसमोर जमिनीवर बसला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. बिया किती, हंडा कुठला, तो कधी गेला, म्हातारा शेवटी काय बोलला.

रोएसीचा सुरीवरचा हात थांबला होता. "खरवड खाल्ली त्याने?"

"हो."

"चाळीस वर्षं सांगतेय, खरवडू नकोस, हंडा झिजतो." ती हसल्यासारखी झाली आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा नव्हता. मेलाकाने तिला धरलं. बऱ्याच वेळाने डोळे पुसून ती कुवुतीला म्हणाली, "तू माझ्याकडे कशाला आलास? माफी मागायला, की हे ओझं इथे उतरवायला?"

"मला नाही कळत, काकी."

"उतरवायला माझ्याकडे जागा नाही. तुझं तू वाग. पण त्याला तिथे परक्या जागी ठेवू नकोस. त्याच्या आईच्या जमिनीत आण. तेवढं कर, मग बोलू."

सांगणं सोपं होतं. पण त्याच डोंगरावर पुढे महिनाभरात अशी लढाई जुंपली की दिवसासुद्धा तिकडे पाऊल टाकता येईना. पावसाचे महिने आले, गेले. कुवुती अमेरिकनांचं ओझं वाहत राहिला, जखमींना खाली आणत राहिला. प्रत्येक खेपेला डोंगराचा तो खांदा लांबून बघायचा. दर वेळी तो निराळा दिसायचा. नव्या वर्षात जपानी बेट सोडून गेले, तेव्हा तो फावडं घेऊन निघाला. नदी ओलांडताना मागून पाण्याचा आवाज आला. पोलोसो होता, त्याच्या खांद्यावर पहार.

"तू कशाला?" कुवुतीने विचारलं.

"पुरला मी होता," पोलोसो म्हणाला. "मला माहीत आहे कुठे."

माहीत नव्हतं. दोघांनाही नव्हतं. खंदकांनी आणि गोळ्यांनी सगळा पायथा उलटापालटा झाला होता, झाडं होती तिथे नुसते बुंधे. त्यांनी तीन दिवस खणलं. निघाली ती दुसऱ्यांची हाडं, बुटांसकट, कोणत्या बाजूची ते कोण सांगणार. ती त्यांनी परत झाकली. आपले मेलेले शोधत फिरणारा एक अमेरिकन सार्जंट त्यांच्याकडे बघत होता. चौथ्या दिवशी तोही काही न विचारता फावडं घेऊन खड्ड्यात उतरला. त्याच दुपारी म्हातारा सापडला. पाय अनवाणी, दात सुपारीने काळे, आणि खाली कुवुतीच्या टोपलीचा कुजलेला वेत. सार्जंटने टोपी काढली. पोलोसो खड्ड्यातच बसून लहान मुलासारखा रडला, आणि हाडं पानांत बांधताना त्याने कुवुतीला हात लावू दिला नाही, मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "धर, डोकं तू घे."

तुगालेला त्याच्या आईच्या जमिनीत, समुद्राच्या अंगाला पुरलं. रोएसीने एक डुक्कर मारलं, शेजारपाजारच्या दोन गावांना बोलावलं. जेवायला माणसं नात्याप्रमाणे बसली, तेव्हा कुवुती मागे, कुंपणापाशी उभा राहिला. रोएसी उठली, त्याच्याजवळ गेली.

"तिथे काय उभा आहेस?"

"कुठे बसू, काकी?"

तिने थोडा विचार केला. "तुला मी माफ केलंय असं समजू नकोस. ते मला अजून जमलेलं नाही. पण तेरा घरांतली पोरं इथे जेवायला आलीत आज, ती मला दिसतात. पोलोसोच्या शेजारी जागा आहे. बस, निवतंय सगळं."

कुवुती जाऊन बसला. पोलोसो सरकला, आणि पान पुढे ओढून त्याला वाढायला लागला.